कप्तानाची उडी

वारा पडला, तो असा पडला की शिडाची सावलीसुद्धा पाण्यावर हलेना.

ऑगस्टातला पहिला सोमवार होता, होड्यांच्या शर्यतीचा, आणि कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला बेटावर त्या दिवशी घरात कुणी थांबत नाही. ज्याच्याकडे होडी तो होडीत, ज्याच्याकडे नाही तो मोटारीच्या टपावर. बायका खडकांवर चुली मांडून पिठाच्या जाडसर पुऱ्या, जॉनीकेक, तळत होत्या. वारा पडलेला दिसला तशी त्यांनी झारे खाली ठेवले आणि सूर धरला,

‘वारा माझा दीर, गेला कुठं रुसून,
शिडाच्या गं झोळीत, ये ना जरा बसून.’

दीर काही येईना. शर्यत जिथं संपते तो लाल बोया समोर तरंगताना दिसत होता, हाकेच्या अंतरावर म्हणावा इतका. त्याच्याकडे दोन होड्या रांगत निघाल्या होत्या. एक ‘पेपर सॉस’, आणि दुसरी लेमुएलच्या घराण्यातली ‘संडे शूज’.

मिसरूड फुटल्यापासून ‘संडे शूज’चं सुकाणू लेमुएलच्या हातात होतं. यंदा खांदा कामातून गेला आणि त्यानं स्वतःच ते लेकीच्या, जुनेलच्या हाती दिलं. दिलं खरं, पण सुटलं नाही. सकाळपासून तो तिच्या पायाशी बसून सासूसारखा बोलत होता. जरा डावीकडे घे. एवढं नको. शीड बघ, पोरी, पाण्याकडे काय बघतेस?

“पोती टाका,” जुनेल म्हणाली.

वाळूची पोती धपाधप पाण्यात गेली. वारा पडला की होडी हलकी करायची, ही इथली रीतच. आधी पोती आणि मग माणसं. कप्तानानं नाव घ्यायचं, ज्याचं घेतलं त्यानं मुकाट उडी मारायची. मागून दोस्तांची मोटारबोट येते आणि भिजलेल्यांना उचलून घेते. कप्तानाशी वाद घालायचा नाही, हे जुनेलला लहानपणी बापानंच शिकवलं होतं.

“थिओकाका!”

लेमुएलचा चुलतभाऊ आणि जन्माचा दोस्त थिओफिलस सदरा काढूनच बसला होता. “या पोटाला कुणी शेवटापर्यंत नेलंय कधी!” असं म्हणत तो कडेवरून गडगडला. केवढं तरी पाणी उडालं. होडी बोटभर वर आली, पण ‘पेपर सॉस’ अजूनही बरोबरीनं सरकत होती.

“आता ऑरिसला काढ,” शिडाच्या दोराशी बसलेल्या खलाशाकडे बोट दाखवत लेमुएल म्हणाला.

“ऑरिसला दोर ओढायचाय.” जुनेलनं शिडाकडे पाहिलं, मग बोयाकडे. “बाबा, उतरा.”

लेमुएल हसला. “उतरा? ही काय बस आहे?”

“बाबा. तुमचं नाव घेतलंय मी.”

तिची नजर बोयावरच होती. ऑरिस दोराची गाठ न्याहाळू लागला, बाकीचे आपापले पाय. लेमुएलला वाटलं, आता कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. तो उठला कधी, कडेवर पाय ठेवला कधी, त्याचं त्याला कळलं नाही. डोक्यावरून पाणी गेलं तेव्हा कळलं.

तो वर आला तेव्हा होडी पुढे गेलेली. कानात नुसता घों घों आवाज. जिथं जन्म काढला ती फळी डोळ्यांदेखत लांब जात होती, आणि तिच्यावर आपण नाही. ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरेना. थोरल्या लाटेनं उचलून टाकलं असतं तर शिरली असती.

“या कप्तान,” थिओ उताणा तरंगत म्हणाला. “बसा. घर आपलंच आहे.”

“तिनं मला टाकलं, थिओ.”

“तू मला दर वर्षी टाकतोस. मी रडलो कधी?”

“तुझी गोष्ट वेगळी.”

“का रे? माझ्यात काय वाळू भरलीय?” थिओनं तोंडातलं पाणी थुंकलं. मग म्हणाला, “पाण्यात पडलो की मी बघायचो हं. हा मागं वळून बघतोय का. एकदासुद्धा नाही वळलास लेका.”

 लेमुएल होडीकडे बघत होता. एवढ्याशा झुळकेवर शीड भरलेली आपली होडी त्यानं दुरून कधी पाहिलीच नव्हती. सदा तिच्या पोटात बसलेला. पाण्याला नुसती शिवत चालली होती ती, ओल्या अंगणातून लुगडं उचलून धरत जावं तशी. त्याचं ओझं उतरलं आणि तिनं ‘पेपर सॉस’च्या पुढे नाक काढलं होतं. पोरीचं बरोबर होतं. तेच तर त्याला सोसेना. तिची पाठ ताठ होती, मान सरळ.

आणि त्याच्या तोंडून हाक गेली.

“जुनेऽऽल!”

जत्रेत हात सुटलेलं पोर ओरडतं, तशी.

जुनेल गर्रकन वळली, आणि तिच्याबरोबर सुकाणू वळलं. शीड दोरीवरच्या धुण्यासारखं फडफडलं आणि रितं झालं. ‘पेपर सॉस’ शेजारून निघून गेली. किनाऱ्यावर कुणीतरी जिंकणाऱ्यांसाठी शंख फुंकला.

“काय केलंस हे?” थिओ उताणा होता तो सरळ झाला.

मोटारबोटीत लेमुएलची बायको इस्ला होती. तिनं त्याला सदऱ्याला धरून वर ओढलं, आल्याच्या पेयाची बाटली हातात कोंबली आणि तोंड फिरवून बसली.

किनारा आला तर जुनेल कमरेइतक्या पाण्यातून धावत येत होती. होडी तिनं तशीच सोडली होती. लेमुएल आणि थिओ मोटारबोटीतून पाण्यात उतरले तशी तिनं बापाचे दोन्ही दंड धरले. “कुठं दुखतंय? छातीत? पायात गोळा आला? मला वाटलं तुम्ही बुडताय!”

पायात गोळा. हो म्हणायला काय जात होतं? कोण तपासणार होतं? थिओ आभाळ बघत उभा राहिला.

“काही दुखत नव्हतं,” लेमुएल म्हणाला. “राग आला होता.”

“राग?”

“हो.”

तिनं त्याचे दंड सोडले. “मी शर्यत सोडली, बाबा. तुम्ही मरताय म्हणून सोडली.”

“हो.”

तिनं दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं. मग आणखी एकदा, जोरात. तो हलला नाही. तिचे डोळे भरून वाहत होते, की ते समुद्राचंच पाणी होतं, कळायला मार्ग नव्हता.

“पुढच्या वर्षी,” ती धापा टाकत म्हणाली, “तोंडाला फडकं बांधून उडी मारायची. थिओकाका बांधतील.”

“घट्ट बांधीन,” थिओ म्हणाला.

“आणि फडकं माझं,” मोटारबोटीतून इस्ला म्हणाली. “मासे पुसायचं.”

लेमुएल पाण्यात तसाच उभा राहिला. शिव्या खायला तो तयार होता. उद्यापासून किनाऱ्यावर बसा, हे ऐकायलाही मन घट्ट केलं होतं त्यानं. पुढच्या वर्षीही होडीत आपल्याला जागा असेल, हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. तोवर जुनेल पाणी कापत होडीकडे निघालीसुद्धा होती.