पूजेत राहिलेला पाना

मी एक पाना बोलतोय. लाज वाटते आहे, तरी बोलतोय. मधे तोंड घालू नका.

नागपूरच्या एका कारखान्यातून ट्रॅक्टर दोन तऱ्हेनं परदेशी जातात. आख्खा जोडलेला ट्रॅक्टर जहाजात नवरदेवासारखा पाय पसरून बसतो, भाडं खातो, पण उतरला की चालू लागतो. सुटा जातो तो पेट्यांमधून. जागा कमी, तिकडची जकात कमी, तिकडच्या माणसांना जोडणीचं काम. पण एक जिन्नस राहिला की सगळं भंगार. मागच्या चाकाचा नट माझ्याशिवाय आवळत नाही. त्यासाठीच मला घडवलं. आठ सुट्या ट्रॅक्टरांबरोबर मी आफ्रिकेत जायचा होतो.

खंडेनवमी आली. फोरमन महादेवरावांनी नवा चकचकीत म्हणून मलाच पेटीतून उचललं आणि पूजेत मांडलं. तेलात कालवलेलं कुंकू लावलं, वर झेंडू. मी फुगलो. खोटं काहून बोलू?

तेवढ्यात कंटेनरची गाडी आली, एक दिवस आधीच. पेट्या भरणारी गोपिका यादी घेऊन उभी राहिली.

"भाऊ, पाना?"

"पूजेतलं अवजार दसऱ्याच्या आधी हालवत नसतात वं. टिक मार. मागून दुसऱ्या गाडीनं पाठवतो."

"यादीवर सही माही हाय, भाऊ."

"मी हाय ना!"

तिनं टिक मारली. दसऱ्याला सोनं वाटता वाटता महादेवराव मला विसरले.

दीड महिन्यानं तिकडून फोन आला. आठही ट्रॅक्टर बिनचाकाचे पडले होते. दुसरा पाना विमानानं गेला, तोवर तिथली पेरणी निघून गेली. साहेबांनी यादी मागवली. सही गोपिकेची. ती महादेवरावांकडे बघत राहिली, महादेवराव आपल्या बुटांकडे. फोन आल्याबरोबर त्यांनी मला आपल्या डब्याच्या पिशवीत लपवलं होतं. ठेक्यावरची बाई ती. दुसऱ्या दिवशी तिला गेटातून आत घेतलं नाही.

आता मी महादेवरावांच्या खापा गावातल्या घरी फळीवर, फडक्यात. जन्मात एक नट आवळला नाही.

आज त्यांच्या बायकोनं, कौसल्याबाईंनी, फडकं सोडलं.

"अवो, हा कुंकवाचा पाना काहून झाकून ठेवला?"

"गंजू नये म्हणून."

"गंजला तर हाय!" म्हणत त्या घासायला बसल्या आहेत. महादेवराव आपल्या पायांकडे बघताहेत.

बाई, गंज खुशाल घासा. ते कुंकू तेवढं राहू द्या. गोपिकेच्या बाजूनं बोलणारं तेवढंच उरलं आहे.