गगनामृत बाटलीतच राहिलं

बेलोऱ्याच्या विमानतळावर शिकाऊ विमानाला झेंडूचा हार घातला होता. इंजिन खोकत होतं आणि जमलेली मंडळी हात जोडून उभी होती. देवीदास महाराजांनी टाकीत ‘गगनामृता’चे थेंब सोडले. आत बसलेल्या शिकाऊ वैमानिकाला ते म्हणाले, “बेटा, लाल मूठ जराशी मागं घे. इंजिनाचा आवाज वाढव. आता मी वायुदेवाले बोलावतो.” मंत्र संपेस्तोवर इंजिन सुरात आलं. मंडळी महाराजांच्या पायांवर लोटली.

हा देवीदास कालपरवापर्यंत आमच्याच फ्लाइंग क्लबात विमानांत पेट्रोल भरायचा. मी किशोर, तिथलाच मेकॅनिक. खोटं कशाला सांगू, माझा जळफळाट होत होता. लाल मुठीची युक्ती माझी, त्यानं शेजारी उभं राहून पाहिलेली. अचलपूरच्या बेबीताईंची मुलगी प्रतीक्षा इथं विमान चालवायला शिकते. ताई मला मेथीची जुडी आणायच्या, ती आता महाराजांच्या पायाशी जायची. मी तोंड उघडलं की सगळे म्हणत, “किशोरभाऊ, तुमाले जळून राहिलं.” जळत होतंच. पण म्हणून मी खोटा कसा?

प्रतीक्षा पहिल्यांदा एकटी उडणार, त्या सकाळी इंजिन पुन्हा अडखळलं. महाराजांनी बाटली काढली. मी ती हिसकून खिशात घातली.

“काहून घेतली?” बेबीताई भडकल्या. “माही पोरगी एकटी जाऊन राहिली वर.”

“म्हणूनच घेतली. प्रतीक्षा, बाकी सारं रोजच्यासारखंच कर.”

तिनं मूठ मागं घेतली, जोर वाढवला. महाराज माझ्या खिशाकडेच बघत राहिले. थोड्या वेळानं इंजिन साफ चालू लागलं.

“यायनं तं मंतरही नाही म्हटला,” बेबीताई पुटपुटल्या.

“श्रद्धेनं चाललं,” देवीदास म्हणाला.

“माही नव्हती,” प्रतीक्षा आतून म्हणाली. “म्या नुसती मूठ ओढली.”

मग मी सांगितलं. “या पेट्रोलात शिसं असते. विमान जमिनीवर रेंगाळलं की ते प्लगवर बसते, ठिणगी नीट पडत नाही. मूठ मागं घेतली की पेट्रोल कमी होते, जोर वाढवला की प्लग तापते अन् मळ जळते. मान्यता असलेली औषधं मीही टाकतो. ह्या बाटलीत कापूर अन् स्पिरिट हाय. स्पिरिट पाणी ओढते, नळ्यांचं रबर फुगवते. चिखलदऱ्याच्या डोंगरावर इंजिन बंद पडलं असतं तं?”

आधीचे थेंब टाकीत होतेच. आम्ही टाकी रिकामी केली, रबर तपासलं, आणि प्रतीक्षा दुसऱ्या दिवशी उडाली, उतरली.

बेबीताई माझ्या पायाशी वाकल्या. खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. मग मी पाय मागे घेतले. “ताई, कोणी चमत्कार दाखवला की बाटली तेवढी बाजूला ठेवा अन् बाकी सारं तसंच करून पाहा. मी दाखवला तरीही.”

मेथीची जुडी मात्र घेतली.