बारा झुडपांचा वाटा

माझ्या खोडात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक तार रुतली आहे. सुरुवातीला ती सालीला नुसती टेकलेली होती. आता साल दोन्ही बाजूंनी तिच्यावर चढली आहे आणि मधे करंगळीच्या नखाएवढी चीर उरली आहे. नऊ वर्षांत मी एवढेच हलले.

मी एक जुने झुडूप आहे, मित्रांनो. समुद्रापलीकडे, टाइटाच्या डोंगरात, धुके थांबते त्या उंचीवर, ओहोळाकाठी उभे आहे. माझ्या शेंगा वाकड्या असतात, म्हणून इथली माणसे मला 'आजीची बोटे' म्हणतात. हे रान तुमच्याकडच्या देवराईसारखे राखलेले आहे. यातली वाळकी काडीसुद्धा कोणी चुलीसाठी नेत नाही. राखण म्वाडिमे आजोबांच्या घराण्याकडे आहे. वडिलांच्या शेवटच्या दिवशी आजोबांनी त्यांच्या हातात हात देऊन शब्द दिला होता, की या रानातले काहीही हद्दीबाहेर जाणार नाही.

तेव्हा आम्ही बारा होतो. आमच्या मुळांनी ओहोळाचा काठ धरून ठेवला होता. नळीसारखी शेंदरी फुले आली की शिंजीर पक्षी फांदीवर बसून त्यांत डोके खुपसत, आणि शेंगा भरत. दर पावसाआधी म्हातारी माणसे वाळवून पोकळ केलेला भोपळा भरून उसाची दारू आणत आणि आम्हा बाराजणांच्या मुळाशी थोडी थोडी शिंपडत. आम्ही पाऊस बोलावतो असे ती मानत. पाऊस समुद्रावरून येतो, पण त्या मानाने मला बरे वाटे.

मग एका वर्षी दरड कोसळली आणि आमच्यातली चार झुडपे गेली. पुढे तीन वर्षे सलग दुष्काळ पडला. खालच्या माळावरच्या शेळ्या वर चढल्या आणि सात झुडपे बुंध्यापर्यंत खाऊन गेल्या. अशी जात आणखी कुठे उरल्याचे कोणाला ठाऊक नव्हते. आजोबांनी स्वतः जाळी आणली, माझ्याभोवती पिंजरा उभा केला, कुलूप लावले आणि किल्ली गळ्यात घातली.

पिंजऱ्याने माझा जीव वाचवला, हे खरेच. पण माझ्या फांद्या जाळीला भिडल्या आणि परत आतच वळल्या. फुले येत राहिली. शिंजीर बाहेर फडफडे, चोच आत घाली, डोके काही आत जाईना. नऊ वर्षांत एकही शेंग धरली नाही. मी शेवटचे उरले, म्हणून मान मात्र वाढला. आजोबा आता दर पंधरवड्याला भोपळा घेऊन येऊ लागले.

पश्चिमेकडची पाने पिवळी पडली, तेव्हा त्यांची नात वावुडा हिने पहिल्यांदा रोपे करायला फांद्या मागितल्या. ती खालच्या गावातल्या रोपवाटिकेत काम करते. आजोबा म्हणाले, "पावसानंतर बघू." असे चार पावसाळे गेले.

यंदा पावसाआधी तिघे आले. आजोबा, त्यांचा धाकटा भाऊ म्बोघो आणि मागून वावुडा. कुलूप उघडताच वावुडा गुडघ्यावर बसली. तिने माझ्या बुंध्याजवळची माती बोटाने उकरली आणि नाकाशी धरली.

"आजोबा, हे हुंगून बघा."

"या वयात माती हुंगायला लावतेस?"

"हुंगा तर."

आजोबांनी हुंगली. "आंबूस आहे."

"किती ओतता?"

"भोपळाभर. बापाच्या वेळी होता तोच भोपळा. मी वाटा कमी केलेला नाही."

"तो वाटा बाराजणांचा होता, आजोबा. आणि वर्षातून एकदा. आता सगळा एकट्याच्या घशात जातोय. धाकट्या आजोबांना एका भोपळ्यानंतर घर सापडत नाही, मग याचं काय होत असेल?"

"मला कशाला मधे ओढतेस, पोरी?" म्बोघो म्हणाला. "घर सापडतं मला. दार सापडत नाही."

वावुडाने नखाने माझी साल खरवडली. पश्चिमेला आत तपकिरी होते, पूर्वेला अजून हिरवे.

"मुळं कुजलीत," ती म्हणाली. "ओतणं आज थांबवलं तरी हे पुढचा पावसाळा बघणार नाही. या बाजूच्या तीन फांद्या जिवंत आहेत. मला द्या. रोपं झाली की इथंच आणून लावू, बारा."

"आज तीन फांद्या दिल्यास, म्वाडिमे, तर उद्या गाव कोयते घेऊन येईल," म्बोघो म्हणाला. "राखण आपल्या घरातून जाईल. आणि बापाला काय तोंड दाखवशील?"

त्यांचे वडील जवळच आहेत, वरच्या कातळाच्या कपारीत, जिथे इथली माणसे पूर्वजांच्या कवट्या ठेवतात. आजोबा तिकडे बघत राहिले. भोपळा त्यांच्या हातात तिरका झाला होता, पण एक थेंबही सांडला नव्हता.

मित्रांनो, या माणसाचा मला राग नाही. त्याने माझ्यासाठी जाळी पाठीवरून वाहून आणली. मला बोलता आले असते तर एवढेच म्हटले असते, की ज्याला जपता त्याच्या मुळाशी कधीतरी वाकून बघत जा. पण मला बोलता येत नाही. पिंजऱ्याचे दार उघडे होते आणि मी होते तिथेच होते. शब्द त्यांचा होता, मोडायचा तर त्यांनीच.

आजोबांनी भोपळा उचलला आणि सगळी दारू पिंजऱ्याबाहेर, लांब खडकावर ओतली. मग कमरेचा सुरा काढून मूठ वावुडाकडे केली.

"बापाला मी सांगतो," ते म्हणाले. "तू काप."