आतून लावलेली कडी

यवतमाळच्या दवाखान्यात सासऱ्याजवळ बसायला साधनाशिवाय कोणी नव्हतं, आणि सासऱ्याला नेमकी तीच नको होती.

बळीराम पांढरकवड्याचे. हैदराबाद रोडवर सारी उमर ट्रक चालवलेला माणूस. मुलानं, रोशननं, बौद्ध घरातली साधना लग्न करून आणली, तेव्हापासून त्यांनी सुनेच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. आता हाडांतला मगज रक्त बनवेनासा झाला होता. कोणाकोणाच्या रक्ताच्या पिशव्या अंगात चढत होत्या. त्या कोणाच्या, हे त्यांनी कधी विचारलं नाही. साधनाचा हात मात्र चालत नव्हता.

नर्सनं तिला बजावलं होतं, "यांच्या प्लेटलेट फार कमी आहेत. गोळ्यांनी पायांतली ताकद गेलीय. एकटं उतरू देऊ नका. डोकं आपटलं तर आत रक्त सुटेल, ते थांबता थांबणार नाही."

त्या दुपारी बळीराम पलंगाचा कठडा खाली पाडून संडासला जायला उठू लागले. साधना धावली.

"बाबा, पडसान तुमी. मी धरते."

"हात नको लावू मले!"

"मंग भांडं देते इथंच."

"तुह्यासमोर?" त्यांनी सलाईनचा स्टँड असा ढकलला की चाक तिच्या पायावर चढलं. "हट बाजूले!"

ती वॉर्डातल्या मावशीला बोलवायला वळली. तेवढ्यात ते संडासात शिरले, आतून कडी घातली, आणि धप्पकन आवाज झाला.

दार तोडलं तेव्हा ते ओल्या फरशीवर पडले होते. कपाळाला नुसतं खरचटलेलं. साधनाचा जीव जरा भांड्यात पडला. पण दिवस कलता कलता त्यांना उलट्या सुरू झाल्या, जीभ अडखळू लागली. तपासणीत दिसलं, डोक्यात रक्त साकळलंय. ऑपरेशनला डॉक्टर धजेनात, कारण चिरा दिला तर तोही वाहत राहिला असता. प्लेटलेटच्या पिशव्या लावत राहिले. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला.

ढाणकीहून नणंद उर्वशी आली ती तोफेसारखी.

"कुठं मेलती तू? माह्या बापाले मारून टाकत होती न!"

सारा वॉर्ड पाहत होता. रोशन खाली मान घालून उभा. साधनानं त्याच्याकडे पाहिलं. तो बोलेना, तशी ती पलंगाशी गेली.

"बाबा, तुमीच सांगा. कडी कोणं लावली?"

बळीरामनी डोळे उघडले. जीभ जड होती, पण शब्द कळत होते.

"मीनंच लावली. हिनं धरण्यापरस पडलो ते बरं."

उर्वशीनं नजर फिरवली. साधनाला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की मोकळं वाटेल. उलट कोणी भर वॉर्डात थोबाडीत मारावी तसं झालं.

"आयकलं?" ती रोशनला म्हणाली. "आता तू धर, नाहीतर ताई धरतीन. मी नाही."

"अवं, लोक काय म्हणतीन?"

"तू आता बोलून राह्यला? मघा काहून नाही बोलला?"

पिशवी उचलून ती पांढरकवड्याची बस धरायला बसस्टँडवर गेली.

घरी आणल्यावर रोशनच बापाला उठवतो, संडासला नेतो, आणि नीट धरत नाही म्हणून शिव्याही खातो. साधना त्या खोलीत जात नाही. एकदा आतून खाट करकरली. "रोशन! अबे रोशन!" रोशन बाहेर गेला होता. ती कणकेची परात सोडून दारात आली. मग शेजारच्या हरिसिंगला हाक मारली, "भाऊ, बाबाले जरा उठवा," आणि पुन्हा कणिक मळू लागली.