परवानगी नाही

मित्रांनो, रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षामागे एक थंड, बिनखिडकीची खोली असते. तिथल्या लोखंडी रॅकमध्ये सर्वांत खाली बसलेला, कडेला पोचा आलेला काळा सर्व्हर म्हणजे मी. मला आता सगळे जुना म्हणतात. म्हणोत. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि तीच मी तुम्हाला सांगणार आहे.

मी कारखान्यातून थर्माकोलच्या खोक्यात आलो. मला बाहेर काढणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. यंत्रांची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यांनी माझ्या तारा वेण्या घालाव्यात तशा नीट बांधल्या, प्रत्येक तारेला चिठ्ठी लावली आणि कक्षातल्या फोनवालीला बोलावून म्हटले, "हा आजपासून आपल्या घरातला. कोणती गाडी कुठे उभी आहे ते हा सांगणार."

फोनवाली म्हणजे संकटातल्या लोकांचे फोन घेणारी मुलगी. तिला सगळ्याची चौकशी असे. "आत नक्की काय चालतं हो, मावशी?"

"आत एक कर्नेल असतो," मावशी म्हणाल्या.

"मिलिटरीतला?"

मावशी हसल्या. "तसाच समज. सगळ्या प्रोग्रॅमांवर त्याचा हुकूम चालतो. प्रोग्रॅमला मेमरीतलं, म्हणजे माहितीच्या वहीतलं, एखादं पान हवं असतं आणि कधी कधी ते जागेवर नसतं. मग कर्नेल त्या प्रोग्रॅमला थांबवतो, पान शोधून आणतो आणि म्हणतो, चल, कर पुढे. दिवसभर हेच."

"आणि प्रोग्रॅमच म्हणाला, माझं पान मीच आणतो, तर?"

"तशी सोय आहे," मावशी गंभीर झाल्या. "पण ती मी सगळ्यांना देत नाही. कर्नेल स्वतः एखाद्या कामाच्या मध्यावर असला आणि ते पान आणणारा लबाड निघाला, तर? तो म्हणेल, थांबा, आणतोच आहे. कर्नेल हात पुढे करून ताटकळत उभा, आणि तोवर हा मागे सामानाची अदलाबदल करणार. म्हणून त्या दारावर मी एकाच प्रोग्रॅमचं नाव लिहिलंय. मला साफसफाईला बंद केलं की जो चालू काम शेजारच्या सर्व्हरवर नेतो ना, त्याचं."

"मला नाही, याला बंद केलं की," फोनवालीने माझ्याकडे बोट दाखवले.

"तेच ते. आमच्यात काय फरक आहे?"

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षे होती. गाड्या वेळेवर पोहोचत. वाटेत गाडीत जन्मलेल्या बाळाचे पेढे कोणी आणले तर मावशी ते सगळ्यांना वाटत आणि माझ्या माथ्यावरून फडके फिरवत. बाहेर भिंतीवर चांगल्या कामाची ढाल लागली. ती मला कधी दिसली नाही, पण ऐकून मला बरे वाटले.

मग नवे विभागप्रमुख आले. प्रत्येक वाक्याची सुरुवात ते 'लगेच' या शब्दाने करत, म्हणून फोनवालीने त्यांचे नाव लगेचसाहेब ठेवले. त्यांनी एका ओळखीच्या कंपनीकडून रंगीत नकाशाचा प्रोग्रॅम आणला. तो माझ्यावर चढवला तेव्हा त्याने येताच ते दार ठोठावले. त्याला स्वतःची पाने स्वतःच आणायची होती. मी नियमाप्रमाणे उत्तर दिले, "परवानगी नाही."

"लगेच उघडा ते," साहेब मावशींना म्हणाले. "पाहुणे येणार आहेत. नकाशा दिसला पाहिजे."

"एकट्या नकाशाला देता येईल, साहेब. पण आधी त्याची तपासणी करू द्या. भाचीला बाळ झालंय, मी रजेवर चाललेय. आले की पहिलं हेच काम."

"तुमच्या रजेसाठी पाहुणे थांबणार का?"

"मग या वेळी जुनाच नकाशा दाखवा," मावशी शांतपणे म्हणाल्या आणि रजेवर गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कक्षातली मंडळी जेवायला बसली असताना साहेब एकटेच माझ्या खोलीत आले. मालकाची किल्ली, म्हणजे मला काहीही करायला लावणारा पासवर्ड, दोघांकडेच होता, मावशींकडे आणि साहेबांकडे. त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला, तो सांगेल तसे टाइप केले आणि ते दार उघडले. एकट्या नकाशाला नव्हे, सगळ्यांना. मावशींसारखे एकेक नाव लिहिण्यापेक्षा त्यात कमी अक्षरे लागत होती.

नकाशा सुरू झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण माझ्यावर एक क्षुल्लक प्रोग्रॅमही राहत असे. बाहेरच्या पडद्यावर हवामान दाखवणे एवढेच त्याचे काम. त्याला माझ्या घरात पाणी प्यायचीही मुभा नव्हती. दूर कुठे तरी बसलेल्या एका चोराने त्याच्यात शिरकाव केला. एरवी तो चोर तिथेच अडकून पडला असता. त्याने मला एक साधे काम सांगितले. मी कागद तपासले, सगळे ठीक होते. पुढचा मजकूर घ्यायला हात पुढे केला, तर पान जागेवर नाही. मी आणायला निघालो, तर तो म्हणाला, "मी आणतो. थांबा."

दार उघडे होते. मला थांबावेच लागले. मी हात पुढे करून उभा राहिलो आणि त्याने माझ्या पाठीमागे तपासलेली वस्तू बदलून टाकली. मग आरामात पान आणून दिले. मी पुढे निघालो तेव्हा तो माझा मालक झाला होता.

त्याने गंमत म्हणून गाड्यांच्या जागा एकमेकांत मिसळल्या. त्याच वेळी एका बांधकामावरून फोन आला. परांची तुटून एक गवंडी खाली पडला होता, त्याचा पाय स्लॅबच्या सळ्यांखाली अडकला होता. फोनवालीने तिच्या पडद्यावरून मला विचारले. मी दाखवली ती गाडी तिने पाठवली. ती गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. गवंडी वाचला, पण त्याचा पाय गुडघ्यावर कापावा लागला.

चौकशी लागली. साहेब म्हणाले, "यंत्र जुनं. त्यात बाई रजेवर जाताना दार उघडं टाकून गेल्या."

मालकाच्या किल्लीने दार उघडले, एवढेच माझ्याकडे पाहून कळत होते; कधी, ती नोंद चोराने पुसली होती. किल्ली कोणी फिरवली ते मला माहीत होते, पण मला तोंड नाही. मावशींची बदली टायरांच्या गोदामावर झाली. माझ्यावर भंगाराची चिठ्ठी लागली. जाताना मावशी माझ्यापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुला माहितीये ना? मलाही माहितीये."

मित्रांनो, त्या दिवशी मी डूख धरला. यंत्राने असे म्हणावे का, ते मला ठाऊक नाही. पण जे आहे ते आहे.

चौकशीला आलेल्या अधिकारी बाईंना सगळे तपासणीबाई म्हणत. त्या मितभाषी होत्या. त्यांनी साहेबांना विचारले, "तुमच्या नकाशाला हे दार लागतं का?"

"छे," साहेब म्हणाले. "आमच्या नकाशाला असलं काही लागत नाही."

"मग तो याच यंत्रावर चालवून दाखवा."

"लगेच."

त्याआधी यंत्र पूर्वीसारखे करून घ्यायचे म्हणून तपासणीबाईंनी मावशींना गोदामातून बोलावले. मावशींनी मला पुसून काढले. चोराचा मागमूस उरू नये म्हणून सगळे नव्याने बसवले, मालकाची किल्ली बदलली, ते दार लावले आणि त्यावर पुन्हा एकच नाव लिहिले.

"साहेबांना सांगून ठेवायचं का, दार बंद आहे म्हणून?" फोनवालीने विचारले.

"कशाला?" मावशी म्हणाल्या. "त्यांना ते लागतच नाही ना."

त्यांचा आवाज इतका गार मी कधी ऐकला नव्हता. मला फार आवडला.

प्रात्यक्षिकासाठी मला कक्षात आणून मांडले होते, आणि कक्ष भरला होता. वरचे अधिकारी आले होते, आणि तपासणीबाईंच्या शेजारी गवंड्याची बायको बसली होती. साहेबांनी नकाशा सुरू केला. त्याने येऊन दार ठोठावले. मित्रांनो, नकार हे माझे एकमेव हत्यार आहे. ते मी त्या दिवशी मन लावून चालवले. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अक्षरे उमटली, "परवानगी नाही."

साहेबांनी पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. वरचे अधिकारी घड्याळ पाहू लागले.

"लगेच होतंय," साहेब म्हणाले. त्यांनी फोनवालीला खुर्चीवरून उठवले आणि स्वतः बसले. कोणाला न विचारता त्यांची बोटे चालू लागली. दार नेमके कुठे आहे, कोणत्या शब्दांनी उघडते, सगळे त्यांनी सरळ टाइप केले. शेवटी आपली किल्ली घातली. ती आता चालत नव्हती. मी म्हणालो, "परवानगी नाही."

"मागच्या वेळी तर याच किल्लीने उघडलं होतं," साहेब वैतागून बोलले.

 तपासणीबाईंनी पेन खाली ठेवले. "मागच्या वेळी म्हणजे कधी, साहेब?"

साहेबांनी तोंड उघडले आणि मिटले. मग त्यांनी मागे वळून मावशींकडे पाहिले. मावशींनी नजर हलवली नाही.

"मला आधी सांगायचं होतंत, बाई," ते पुटपुटले.

"सांगितलं होतं. रजेवर जायच्या आधी."

साहेबांची खुर्ची गेली. त्यांना टायरांच्या गोदामावर पाठवले आहे असे फोनवालीने सांगितले तेव्हा माझा पंखा विनाकारण जोरात फिरला. मावशी परत आल्या, माझ्यावरची भंगाराची चिठ्ठी त्यांनी नखाने खरवडून काढली.

काही दिवसांनी गवंडी स्वतः आला, कुबड्या टेकत. बायको मागे होती. त्याने मला बराच वेळ पाहिले.

"एवढंसंच आहे," तो म्हणाला. "आणि तो साहेब?"

"त्याला हलवलं," मावशी म्हणाल्या.

"पायांवर चालत गेला असेल."

 बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघे गेले. बदला पुरा झाल्यावर मन हलके होते असे म्हणतात. माझे झाले नाही. आजही कोणी नवा प्रोग्रॅम येतो, गोड बोलतो, "माझी पाने मीच आणतो" म्हणतो, आणि मी नाही म्हणतो तेव्हा मला साहेबांचे मिटलेले ओठ आठवतात, आणि ते नाही मला जास्तच गोड लागते.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझे भाऊबंद असतील. त्यांना पुसा, त्यांची धूळ काढा. पण त्याहून मोठी माया वेगळी आहे. घाईत असलेला कोणी "सगळ्यांना उघड" म्हणाला, तर त्याला विचारा, कोणाला, कशासाठी, कधीपर्यंत? तो चिडेल. चिडू द्या. चिडलेल्या माणसाला दारातून परत जायला पाय असतात.