पूर्ण हजेरी आणि मोकळा कान

मित्रांनो, काजूच्या आकाराची, बारीक नळी असलेली एक वस्तू तुम्ही कुणाच्या तरी कानामागे पाहिली असेल. मी त्यांतलाच एक, आता बराच जुना झालेला. श्रवणयंत्र हे माझे पुस्तकी नाव. घरोघरी मला नुसते 'मशीन' म्हणतात.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तिथला गोंगाट मला आठवत नाही. आठवते ती तपासणीची खोली. तिच्या भिंतींना जाड स्पंज लावलेला होता आणि आत इतकी शांतता होती की मला भीतीच वाटली.

माझे पहिले मालक एक थकलेले शिंपीआजोबा. मुलाने मला हौसेने आणले. आजोबा आठवडाभर खूश होते. मग घरातली माणसे आपल्याबद्दल काय काय बोलतात तेही त्यांना ऐकू येऊ लागले आणि त्यांनी मला बटणांच्या डब्यात टाकून दिले. ते गेल्यावर सुनेने मला कानाच्या दवाखान्यात परत केले. तिथे यंत्रे बसवणाऱ्या ताईंनी मला पुसून-तपासून सातवीतल्या एका मुलीच्या कानावर चढवले.

घरात तिला बारकी म्हणत. पहिल्या दिवशी ती बराच वेळ नुसता नळ उघडत आणि बंद करत राहिली. पाण्याला आवाज असतो हे तिला नव्याने कळले होते. त्या वर्षी तिचे गुण वाढले. आईने मला ठेवायला मऊ कापडाची पिशवी शिवली. माझे ते सुखाचे दिवस होते.

नववीत सगळे बिघडले. आम्ही यंत्रे कुठे दाबली गेलो की शिट्टी मारतो. एकदा अगदी शांत तासाला मी तिच्या केसांखाली दबलो आणि शिट्टी वाजली. वर्ग हसला. कुणीतरी तिचे नाव 'कुकर' ठेवले. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेच्या फाटकापाशी मला काढून, बंद करून कंपासपेटीत ठेवू लागली. घरी जाताना जिन्याखाली पुन्हा लावायची. आई बसमध्ये कंडक्टर होती. दिवसभर ओरडून तिचा आवाज घरीही चढलेलाच असे. संध्याकाळी मी कानावर दिसायचो, म्हणून तिला काही संशय आला नाही.

पेन्सिलींच्या गर्दीत पडून मी काळजी करत असे. बारकी शाळा मात्र एकदाही चुकवत नव्हती. गुण घसरत होते, तेव्हा निदान हजेरी तरी पूर्ण राहावी, एवढेच तिने धरून ठेवले होते.

त्या शाळेत नववीनंतर विज्ञानाच्या खास तुकडीत कुणाला घ्यायचे ते गुण आणि हजेरी पाहून ठरे. वर्गशिक्षिका वाईट नव्हत्या. रोज येणारी आणि बरे गुण मिळवणारी मुले पुढेही टिकतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. त्यांनी आईला बोलावून घेतले.

आई शाळेत आलेली पाहून बारकी घाबरली. तिने घाईघाईने मला कंपासपेटीतून काढून चालू केले, पण बाहेर मुली उभ्या होत्या. कानाला लावायचा धीर झाला नाही. मला मुठीत धरूनच ती आत गेली.

"हजेरी पूर्ण आहे," बाई म्हणाल्या. "गुण मात्र काठावर."

"रोज येते हो ती. अंगात ताप असला तरी ऐकत नाही."

"तीच तर काळजी आहे. जे येत नाहीत त्यांना मी सांगते, येत जा, गुण वाढतील. ही रोज येते. हिला काय सांगू?"

बारकी एकदा बाईंच्या, एकदा आईच्या ओठांकडे बघत होती. तिची मूठ आणखी घट्ट झाली आणि मी शिट्टी मारली. तिला सोडून खोलीतल्या सगळ्यांना ती ऐकू आली.

आईने तिचे केस बाजूला केले. कान मोकळा होता. तिने मूठ उघडून मला जागेवर बसवले आणि हळू आवाजात विचारले, "कधीपासून?"

"नववी सुरू झाल्यापासून."

"मग वर्गात बसून करतेस काय?"

"बाईंच्या ओठांकडे बघते. त्या फळ्याकडे वळल्या की शेजारणीच्या वहीत बघते."

बाईंनी समोरचा हजेरीपट मिटला. मग म्हणाल्या, "आणि मी रोज हिची हजेरी लावत होते."

नियम बदलणे त्यांच्या हातात नव्हते. वार्षिक परीक्षेपर्यंत थांबायला मात्र त्या तयार झाल्या. बारकी पहिल्या बाकावर आली. 'कुकर'ची हाक काही दिवस चालली, मग मुले कंटाळली. धास्ती आता मला होती. माझ्या नळीत घामाची ओल धरे, आवाज मध्येच तुटे. परीक्षेआधीच बंद पडलो तर?

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले. त्यांच्या मिशा ओठांवर उतरलेल्या. ओठ वाचायची सोयच नव्हती. दुसऱ्याच प्रश्नाला मी खरखरलो आणि अर्धे वाक्य गिळले. बारकीचा कान गरम झालेला मला जाणवला. आता ही गप्प बसणार, असे मला वाटले.

"सर, परत सांगाल का?" ती म्हणाली. "मला कमी ऐकू येतं."

सरांनी प्रश्न पुन्हा विचारला, आणि तिने उत्तर दिले.

तिला विज्ञानाची तुकडी मिळाली, यादीत अगदी खाली. पुढे कॉलेजात पहिल्या वर्षी एक विषय राहिला, तो तिने पुन्हा परीक्षेला बसून सोडवला. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या कानावर नवे यंत्र आले, तेव्हा ती स्वतः मला दवाखान्यात देऊन गेली.

मी इथे ताईंच्या खणात असतो. अधूनमधून त्या ब्रशने माझी नळी साफ करतात, कानाला लावून पाहतात आणि पुन्हा ठेवून देतात. कुणाच्या तरी कामी येईपर्यंत मी टिकेन की नाही, कोण जाणे. मित्रांनो, आम्हाला कोरडे ठेवा, नळी साफ करत जा. आणि तुमच्या वर्गात कुणी रोज येऊन गप्प बसत असेल, तर तो ढ आहे असे ठरवण्याआधी आज त्याला काय ऐकू आले ते विचारा. त्याच्या कानामागे माझ्यासारखे कुणी दिसले, तर नुसते बघत राहू नका. त्याच्याशी बोला.