पिकेटबाईंचा रविवार

मुख्याध्यापकांनी बसायला सांगितलं, तरी मृणालिनी उभीच राहिली. वर्ग खोळंबलाय, असं ती म्हणाली. मग त्यांनीही लांबण लावली नाही. जीवशास्त्राच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा धडा एक तर गाळायचा, नाही तर देवानं सहा दिवसांत सृष्टी घडवली हेही विज्ञान म्हणून शिकवायचं, तितकेच तास. अमेरिकेतल्या त्या आर्कान्सा राज्यात तसा कायदा झालाच होता. लागू व्हायला वर्ष होतं, पण एका पालकाची तक्रार आली होती आणि स्कूल बोर्डाला तेवढा धीर नव्हता. मंगळवारी संध्याकाळी मीटिंग होती.

१९८१चा ऑक्टोबर होता. नागपुरात झूलॉजीत एम.एस्सी. करून मृणालिनी पांढरीपांडे अमेरिकेत आली, त्याला नऊ वर्षं झाली होती. त्यातली चार किराणा दुकानाच्या काउंटरवर गेली, दोन शिक्षकाच्या सर्टिफिकेटसाठी. या गावच्या सरकारी शाळेतलं हे तिसरं वर्ष. आडनाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मुलं तिला मिसेस पी म्हणत. नेमणूक दर वर्षी नव्यानं व्हायची.

तिचा नवरा उल्हास कागदाच्या मिलमध्ये इंजिनियर होता. त्यानं जेवताना समजावून पाहिलं. एक चॅप्टर स्किप केला तर काय बिघडतं, आपण इथे पाहुणे, असं त्याचं म्हणणं.

"पाहुणी असते तर स्किप केला असता रे," ती म्हणाली. "मला टीचर म्हणून ठेवलंय."

मंगळवारी शाळेच्या जेवणघरात साठेक माणसं जमली. तक्रार करणारा माणूस सुतार होता, चढ्या आवाजात बोललाच नाही. मुलीनं घरी विचारलं, आजी सांगते ते खोटं का, आणि मला उत्तर देता आलं नाही, एवढंच त्यानं सांगितलं. मृणालिनीला त्याचा राग येईना. मग बोर्डावरच्या एकानं तिला विचारलं, तुमच्या धर्मात काय सांगतात.

"आमच्याकडे सृष्टीच्या उत्पत्तीच्या पुष्कळ कथा आहेत," ती म्हणाली. "त्याही मी वर्गात सांगत नाही."

तेवढ्यात मागच्या रांगेतून हेझल पिकेट उठल्या.

पिकेटबाई चौतीस वर्षं त्याच शाळेत गणित शिकवत होत्या. मृणालिनीच्या शेजारचाच वर्ग. पहिल्या वर्षी मुलं तिच्या उच्चारांना हसायची, तेव्हा बाईंनी दोन वर्गांमधलं दार महिनाभर उघडं ठेवलं होतं. का, ते कधी बोलल्या नाहीत. पण दर रविवारी सकाळी प्रार्थनेआधी त्या चर्चमध्ये मुलांना धर्म शिकवत. त्या जेवणघरातली निम्मी माणसं लहानपणी त्यांच्यासमोर बसलेली होती. बाई उठल्या तेव्हा मृणालिनीनं मनातल्या मनात शाळेचा निरोप घेतला.

"सृष्टीची गोष्ट मी तुम्हाला शिकवली," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलांनाही मीच शिकवते. माझ्या देवाला जीवशास्त्राच्या शिफारशीची गरज नाही. रविवारी मी माझं काम करते, सोमवारी तिला तिचं काम करू द्या."

आणि त्या खाली बसल्या.

चार विरुद्ध तीन मतांनी धडा राहिला. पुढे जानेवारीत लिटल रॉकच्या कोर्टानं कायदाच रद्द केला. मृणालिनीनं तो धडा नऊ दिवस शिकवला. सुताराच्या मुलीनं सगळ्यांत जास्त प्रश्न विचारले. आभार मानायला मृणालिनी शेजारच्या वर्गात गेली, तेव्हा बाईंनी फळा पुसता पुसताच, उद्या थंडी पडणार आहे, असं सांगितलं.

बाईंना त्या बोलण्याची किंमत काय पडली, ते तिला फेब्रुवारीत उल्हासच्या मिलमधल्या एकाकडून कळलं. चर्चनं बाईंचा रविवारचा वर्ग काढून एका तरुण जोडप्याला दिला होता. एकतीस वर्षांचा वर्ग. शाळेत त्याबद्दल बाईंनी अवाक्षरही काढलं नव्हतं.

त्या रविवारी सकाळीच मृणालिनी शिऱ्याचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेली. बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या होत्या. निळा पोशाख, डोक्यावर हॅट, हातमोजेही चढवलेले. प्रार्थनेला अजून दीड तास होता. सवयीनं लवकर आवरून होतं, असं त्यांनी सांगितलं, आणि मग कॉफी ठेवली.

काय बोलायचं ते मृणालिनीनं गाडीत ठरवलं होतं. त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना.

"सहा दिवसांची ती गोष्ट," ती म्हणाली, "मी मीटिंगमध्येच काय ती तुकड्यातुकड्यांनी ऐकली. मला शिकवाल?"

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "विज्ञान म्हणून?"

"नाही. तुम्ही मुलांना शिकवायचात तशी."

बाई उठल्या. आतून चष्मा आणि काळ्या बांधणीचं पुस्तक घेऊन आल्या. मृणालिनीला म्हणाल्या, कप बाजूला ठेव, नीट बस. तिनं कप ठेवला, ती ताठ बसली.

समोर एकच विद्यार्थिनी होती. तरी पिकेटबाईंनी आपली खुर्ची टेबलाखाली सारली आणि उभं राहून पुस्तक उघडलं.